जखमेत किडे पडतात तेव्हा

सावेडी आता अहिल्यानगर शहरातच जमा आहे. गुलमोहर रोडला किंवा पाइपलाइन रोडला फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला गुरांवरच्या माशीशी आपले काय देणेघेणे, असे वाटू शकते. पण मनमाड रस्त्याने थोडे पुढे गेले, की नागापूर, बोल्हेगाव, वडगाव गुप्ता या बाजूला गोठे लागतात. मोकळ्या माळावर धनगरांची मेंढरं उतरतात. गळीत हंगामात जिल्ह्यात उसाच्या बैलगाड्या धावतात. आणि अगदी कॉलनीतसुद्धा पावसाळ्यात डोके एका बाजूला कलवून, सारखा कान झाडणारा एखादा भटका कुत्रा दिसतोच. त्याच्या कानात बहुधा किडे पडलेले असतात.

जखमेत किडे पडणे, म्हणजे काही भागांत ज्याला आसडी पडणे म्हणतात ते, आपल्याकडे इतके सवयीचे झाले आहे की त्याची कोणी फारशी चौकशी करत नाही. जखम चिघळली म्हणून किडे पडले, असा सरसकट समज आहे. पुष्कळदा घडते ते उलट. जखम साधी, ताजी असते. माशी तिच्या कडेला अंडी घालते. अळ्या आत शिरतात आणि मग ती चिघळते. म्हणजे आपल्या हातात जो वेळ असतो तो जखम झाल्यापासूनचा पहिला दिवस. त्या दिवशी पाच मिनिटे दिली तर पुढचे पंधरा दिवसांचे हाल टळतात.

आधी ही माशी कोणती ते पाहू.

गोठ्यात घोंघावणाऱ्या सगळ्या माश्या हे काम करत नाहीत. जिवंत मांसावर जगणारी आपल्याकडची मुख्य माशी म्हणजे क्रायसोमाया बेझियाना. पशुवैद्यक तिला स्क्रूवर्म माशी म्हणतात. घरमाशीपेक्षा मोठी, अंगाने निळसर-हिरवी आणि धातूसारखी चकाकणारी. भारतासह दक्षिण व आग्नेय आशिया आणि आफ्रिका हा तिचा मुलूख.

तिची एक सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही माशी उकिरड्यावर वाढत नाही, शेणात वाढत नाही आणि मेलेल्या जनावरातही वाढत नाही. तिच्या अळीला जिवंत, गरम रक्ताच्या प्राण्याचे मांस लागते. म्हणून गोठा फिनेलने धुतला, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर केला, एवढ्यावर निश्चिंत राहणाऱ्यांची फसगत होते. स्वच्छता हवीच, इतर माश्या आणि गोचीड त्याने कमी होतात. पण या माशीला अडवायचे ठिकाण गोठ्याची जमीन नाही, जनावराच्या अंगावरची जखम आहे.

आता तिचा क्रम.

मादी माशी जखमेच्या कोरड्या कडेवर अंडी घालते. बहुतेक वेळा दुपार कलल्यावर, दिवस मावळायच्या आत. एका वेळी शंभर ते अडीचशे अंडी, पांढरी, एकमेकांना चिकटलेली. नुसत्या डोळ्यांना ती जखमेवर पांढरा थर धरल्यासारखी दिसतात आणि म्हणूनच ‘खपली धरतेय’ असे वाटून दुर्लक्ष होते. जखम मोठी असायला हवी असेही नाही. गोचीड ओढून काढल्यावर राहिलेला रक्ताचा ठिपका तिला पुरतो.

बारा ते चोवीस तासांत अंडी फुटतात. बारीक अळ्या डोके खाली घालून मांसात घुसतात आणि खात खात खोल जातात. श्वास घ्यायची छिद्रे त्यांच्या मागच्या टोकाला असतात, त्यामुळे ती टोके वर राहतात. जखम बाजूला करून पाहिली तर तांदळाचे दाणे उभे रोवून ठेवावेत तशी ती दाटीने दिसतात आणि हलतात. अंगावर काट्यांचे वेढे असल्याने अळी आत घट्ट रुतते, सहज ओढून निघत नाही.

खाणाऱ्या अळ्यांमुळे जखमेतून लालसर पाणी वाहते, एक विशिष्ट कुबट वास सुटतो. त्या वासाने आणखी माद्या येतात आणि त्याच जखमेत पुन्हा अंडी घालतात. दुसऱ्या जातीच्या माश्याही मग सडक्या भागावर बसतात. एका आठवड्यात सुपारीएवढी जखम मूठ जाईल एवढी होते ती या साखळीमुळे.

पाच ते सात दिवसांत अळी पूर्ण वाढते आणि आपणहून जखमेतून बाहेर पडून जमिनीवर पडते. मातीत शिरून तिचा कोष होतो. म्हणजे ती कडक, तपकिरी कवचात स्वतःला बंद करून घेते. उबदार दिवसांत आठवड्याभरात त्या कोषातून नवी माशी निघते. थंडीत जास्त दिवस लागतात. साधारण तीन आठवड्यांत एक पिढी पुरी. पावसाळा आणि त्यानंतरचे दमट, उबदार दिवस तिला सगळ्यांत मानवतात.

याच क्रमात गावोगावच्या एका चमत्काराचे उत्तर आहे. ‘मंत्राने किडे पाडणारा’ माणूस बहुतेक गावांत असतो. जनावर न आणताही, नुसता रंग आणि खूण सांगितली तरी तो मंत्र टाकतो आणि दोन-तीन दिवसांत किडे गळून पडतात. किडे पडतात हे खरे आहे. मालकाला ते दिसतात तेव्हा अळ्या मोठ्या झालेल्या असतात, मुदत भरत आलेली असते. मंत्र न टाकताही त्या पडणारच होत्या. मांत्रिकावर राग धरण्यात अर्थ नाही, पण तोवर वाट पाहण्यात दोन नुकसाने होतात. जखम खोल होत जाते, आणि पडलेल्या अळ्या दावणीखालच्या मातीत शिरून पुढच्या माश्या तयार करतात.

अमेरिकेतल्या स्क्रूवर्मच्या बातम्या अलीकडे मराठी वाहिन्यांवरही येऊन गेल्या. ती आपल्या माशीची चुलत बहीण, कॉक्लिओमाया होमिनिव्होरॅक्स. वेगळी जात, पण वागणूक जवळजवळ तीच. तिची मादी आयुष्यात साधारणपणे एकदाच नराशी संग करते. एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड या शास्त्रज्ञांनी नेमकी हीच गोष्ट पकडली. कारखान्यात कोट्यवधी माश्या वाढवायच्या, किरणांनी नरांना वांझ करायचे आणि विमानातून सोडून द्यायचे. रानातली मादी वांझ नराला भेटली की तिची अंडी फुकट जातात. १९५४ मध्ये कुरासाव बेटावर हे यशस्वी झाले, पुढे अमेरिका आणि मग पनामापर्यंतचा मुलूख माशीमुक्त झाला. १९८८ मध्ये ती जनावरांबरोबर लिबियात पोचली, तेव्हा मेक्सिकोहून वांझ माश्या विमानाने नेऊन १९९२ पर्यंत तिचा तिथे नायनाट केला. २०२३ मध्ये पनामाची फळी फुटली, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये माशी मेक्सिकोत सापडली आणि बातम्या सुरू झाल्या. आपली माशी इथे पूर्वापार आहे आणि आपल्याकडे तिच्यासाठी विमाने येणार नाहीत. आपल्या हाती आहे ती रोजची नजर.

ही नजर नेमकी कुठे टाकायची, ते जनावराप्रमाणे बदलते.

बैलाची मान आधी पाहावी. या जिल्ह्यात ऊस आणि बैलगाडी यांची जोडी जुनी आहे. पाथर्डी-शेवगावची आणि शेजारच्या बीडची कुटुंबे बैल घेऊन तोडीला जातात, अन् दीड-दोन टनांच्या ओझ्याखाली जू मानेवर घासत राहते. आधी केस जातात, मग सूज येते, मग खांदा फुटतो. फुटलेल्या खांद्यावर पुन्हा जू ठेवले की जखम रोज ताजी होते, आणि ताजी जखम म्हणजे माशीला रोज नवे आमंत्रण. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतो तेव्हा मानेवर जसा हात फिरवतो, तसा तोडीच्या दिवसांत रोज रात्री फिरवावा. कातडी गरम लागली किंवा बैलाने मान चोरली, तर दुसऱ्या दिवशी त्याला जुंपू नये. मुकादमाची घाई असते, उचल अंगावर असते, हे मान्य. पण खांद्यात किडे पडलेला बैल दोन-तीन आठवडे बसून राहतो, त्यापेक्षा दोन दिवसांची सुटी स्वस्त पडते.

बैलाचे शिंगही पाहावे. डोके एका बाजूला झुकलेले, शिंग हलते, नाकाच्या त्याच बाजूने रक्तमिश्रित स्राव, असे असेल तर शिंगाचा कर्करोग असू शकतो. शिंग निखळले की तिथे हमखास किडे पडतात. अशा वेळी नुसते किडे काढून भागत नाही, शस्त्रक्रिया लागते.

गायी-म्हशींमध्ये व्यायल्यानंतर फाटलेली जागा, सडांवरच्या भेगा, कासेवरची गोचीड काढलेली ठिकाणे. वासराची नाळ तर कधीच विसरू नये. ओली नाळ लोंबत असताना माशी तिथे अंडी घालते आणि अळ्या पोटाकडे शिरतात. असे वासरू दोन-तीन दिवसांत दूध प्यायचे थांबते आणि मालकाला वाटते, जुलाब लागले असतील. वासरू जन्मल्याबरोबर नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी आणि ती वाळून पडेपर्यंत रोज दोनदा लावावी. संगमनेरी शेळीच्या करडांनाही हेच लागू.

कानातला बारा आकडी बिल्ला हे अलीकडचे नवे ठिकाण. टोचताना पडलेले भोक आठवडाभर ओले राहते. टोचणी कोरड्या, थंड दिवसांत करून घ्यावी आणि त्या आठवड्यात कान उलटा करून पाहावा. वरून बिल्ला नीट दिसतो, किडे मागच्या बाजूला असतात.

लाळखुरकुताची साथ असेल तर खुरांच्या बेचक्यात पाहावे. २०२२ च्या लम्पीच्या साथीत गाठी फुटून झालेल्या खड्ड्यांत किडे पडून अनेक जनावरे खंगली; मूळ आजारातून वाचलेले जनावर या दुसऱ्या दुखण्याने बसले, असेही झाले. दोन्ही आजारांवर लस आहे. लसीकरण हा किड्यांवरचाही उपाय आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

मेंढरांत लोकर कातरताना लागलेले काप महत्त्वाचे. कातरणीनंतर प्रत्येक मेंढरावर ओला हात फिरवून जिथे रक्त लागेल तिथे औषध लावायचे, एवढे केले तरी पुरे. बोकड-बैलांचे खच्चीकरण चाकूने करण्यापेक्षा दवाखान्यातल्या चिमट्याने करावे. त्यात कातडी फाटत नाही, म्हणून माशीला जागाच मिळत नाही.

जखम दिसली नाही तरी जनावर सांगते. एकच जागा सारखी चाटणे, शेपटी त्याच बाजूला आपटणे, पाय झाडणे, कळपातून बाजूला उभे राहणे, वैरण अर्धी टाकणे. केसाळ जनावरात केस ओले, चिकट दिसतात. आणि वास. ज्याने तो वास एकदा घेतला आहे त्याला दुसऱ्या वेळी गोठ्याच्या दारातच कळते.

समजा, किडे पडलेलेच आहेत. आता क्रमाने काय करावे?

सर्वांत आधी जनावर नीट बांधावे, शक्यतो सावलीत आणि दोन माणसांच्या मदतीने. दुखऱ्या जागेला हात लावल्यावर शांत गायही लाथ मारते. हातात रबरी मोजे घालावेत. खाली जुने पोते किंवा प्लास्टिकचा कागद अंथरावा, पडणाऱ्या अळ्या मातीत जाऊ नयेत म्हणून. हे अंथरणे बहुतेक जण गाळतात आणि पुढच्या महिन्यात त्याच गोठ्यात पुन्हा किडे पडले म्हणून नवल करतात.

जखमेभोवतीचे केस दोन बोटे अंतरापर्यंत कातरावेत. अंडी केसांच्या कडेला असतात; ती तशीच राहिली तर आतले सगळे काढूनही दुसऱ्या दिवशी नवे किडे दिसतात.

मग टर्पेंटाइन तेलात कापसाचा किंवा गॉजचा बोळा भिजवून, पिळून जखमेत ठेवावा. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. श्वास कोंडला की अळ्या वर येतात. बोळा काढून चिमट्याने एकेक अळी धरून सरळ वर ओढावी. घाईने अर्धी तोडली तर राहिलेला भाग आत कुजतो. खोल खिशासारखी जखम असेल तर हेच दोन-तीनदा करावे लागते. टर्पेंटाइन तीव्र असते. डोळा, नाक, सड किंवा योनीमार्गाजवळच्या जखमेत ते वापरू नये, ती जखम डॉक्टरांनीच हाताळावी. गोठ्यात टर्पेंटाइन नसेल तर औषधाच्या दुकानात किडे मारणारा आणि माशी दूर ठेवणारा जखमेवरचा फवारा मिळतो, तो चालतो.

निघालेल्या अळ्या उकळत्या पाण्यात टाकाव्यात किंवा पोत्यासकट जाळाव्यात. उकिरड्यावर टाकलेली मोठी अळी मरत नाही, तिथेच तिचा कोष होतो. चार-पाच अळ्या स्पिरिट भरलेल्या बाटलीत ठेवल्या तर डॉक्टरांना माशीची जात ओळखता येते.

आता जखम धुवायची. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड चहाचा चमचा मीठ, किंवा फिकट गुलाबी होईल एवढेच पोटॅशियम परमँगनेट. जांभळे गडद पाणी जास्त गुणकारी, हा गैरसमज आहे. ते कातडी भाजते. मेलेले, काळपट मांस असेल तर ते कापण्याचे काम डॉक्टरांचे. कोरडे करून पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि जखमेच्या भोवती, आत नव्हे, कडुनिंबाच्या किंवा करंजाच्या तेलाचा पट्टा ओढावा. वासाने माशी लांब राहते.

आयव्हरमेक्टिन या इंजेक्शनविषयी विचारणा बरीच होते. ते उपयोगी आहे. त्याने कोवळ्या अळ्या मरतात आणि पुढचे काही दिवस नव्या अळ्या जगत नाहीत. मोठ्या अळ्यांवर मात्र त्याचा पुरता भरवसा नाही, म्हणून इंजेक्शन दिले की चिमट्याचे काम संपले असे होत नाही. मात्रा वजनावर ठरते, टोचायचे कातडीखाली. वजनाचा अंदाज हमखास चुकतो आणि करडा-वासरांत तो महागात पडतो. दुभत्या जनावराच्या दुधात औषध उतरते, त्यामुळे दूध घरी किंवा डेअरीला घालण्याविषयी डॉक्टरांचा शब्द घेतल्याशिवाय ते देऊ नये.

दुसऱ्या दिवशी जखम पुन्हा उघडून पाहावी. तिसऱ्या दिवशीही. सगळ्यांत जास्त चूक इथे होते. पहिल्या दिवशी वाटीभर किडे काढले की माणूस समाधानाने हात धुतो. पण त्या वेळी नुकत्या फुटलेल्या अळ्या डोळ्यांना दिसतही नाहीत. लागोपाठ तीन दिवस एकही अळी निघाली नाही, जखमेचा तळ लाल आणि दाणेदार दिसू लागला, वास गेला, मगच सुटलो म्हणावे.

आता जे करू नये त्याविषयी. रॉकेल, पेट्रोल, बॅटरीचे पाणी, न मिसळलेले फिनेल यांनी अळ्या मरतात तशा जनावराच्या पेशीही मरतात आणि जखम भरायला दुप्पट वेळ लागतो. डांबरगोळीची पूड भरण्याची पद्धतही सोडून द्यावी. कापसावर किंवा डाळिंबावर फवारायचे कीटकनाशक जखमेत ओतणे तर सरळ विषप्रयोग आहे. ते रक्तात जाते, तोंडाला फेस येतो, थरथर सुटते आणि किड्यांनी न मेलेले जनावर औषधाने मरते. सीताफळाचा पाला वाटून लावण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे आणि त्या पाल्यात किडे मारण्याचा गुण खरोखर आहे. पण ते वाटण डॉक्टर येईपर्यंत, उघड्या पाठीवरच्या जखमेपुरते ठीक. सीताफळाच्या बियांची पूड मात्र डोळ्याजवळ नेऊ नका. जनावराच्या नाही आणि स्वतःच्याही नाही, बुबुळाला इजा होते.

मेंढपाळांची आणखी एका माशीशी गाठ असते.

दुपारच्या उन्हात मेंढरं अचानक गोल करून, डोकी मध्ये घालून उभी राहतात, नाक जमिनीला किंवा दुसऱ्या मेंढीच्या लोकरीत खुपसतात, पाय आपटतात. पाहणाऱ्याला वाटते उन्हाने केले. बऱ्याचदा ती नाकमाशीपासून, म्हणजे इस्ट्रस ओव्हिस नावाच्या माशीपासून नाक लपवत असतात. ही मधमाशीएवढी करडी माशी अंडी घालत नाही. उडता उडता जिवंत, मिलीमीटरभर लांबीच्या अळ्या नाकपुडीपाशी फवारते. अळ्या नाकातून कपाळाच्या पोकळीत चढतात, तिथे काही आठवडे किंवा महिने वाढतात आणि शेवटी शिंकेबरोबर बाहेर पडून मातीत कोष करतात. घट्ट, कधी रक्ताळलेला शेंबूड, सारख्या शिंका, धाप, चरण्यावरून मन उडणे ही तिची चिन्हे. मेंढी गरगर फिरू लागली तर ‘गिड’, म्हणजे मेंदूतल्या पट्टकृमीच्या गाठीचा संशय येतो. दोन्हींतला फरक डॉक्टरांकडून करून घ्यावा. आयव्हरमेक्टिन आणि क्लोसँटेल ही औषधे नाकमाशीवर चांगली लागू पडतात, पण एकट्या मेंढीला देऊन उपयोग नाही. अख्ख्या वाड्याला एकाच वेळी द्यावी लागतात.

हीच माशी माणसाच्या डोळ्यावरही अळ्या फवारते. मेंढपाळ, शेतावर राबणारे, आणि कळपाजवळून मोटरसायकलवर जाणारा शहरी माणूससुद्धा. डोळ्यात काहीतरी आदळल्यासारखे वाटते, काही तासांत लाली, पाणी आणि वाळू सलावी तसे सलणे सुरू होते. गावात याला ‘डोळे आले’ समजून थेंब टाकतात. अळी तोंडाच्या आकड्यांनी डोळ्याच्या बाहेरच्या पातळ आवरणाला धरून बसते, त्यामुळे पाण्याने धुवूनही निघेलच असे नाही. डोळा चोळू नये, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. बधिरतेचे थेंब टाकून ते दुर्बिणीखाली बारीक चिमट्याने अळ्या काढतात. माणसाच्या डोळ्यात ही अळी पुढे वाढत नाही, त्यामुळे वेळेत गेल्यास बहुतेकांचा डोळा पूर्ण बरा होतो. साधा चष्मा किंवा हेल्मेटची काच हा तिच्यावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय.

आणि जखमेतली माशी माणसाला सोडते का? सोडत नाही.

ऊसतोडीत कोयता नडगीवर किंवा बोटावर बसतो. जखमेला हळद भरून, चिंधी बांधून माणूस पुन्हा फडात उतरतो. चिंधी रक्ताने ओली होते, घसरते, आणि संध्याकाळी कोपीबाहेर टेकल्यावर डोळा लागतो. माशीला याहून सोयीचे काही नाही. जखम साबणाने धुवून, कोरडी करून स्वच्छ पट्टीने पूर्ण झाकावी, पट्टी रोज बदलावी, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे आणि उघड्या जखमेने दिवसा बाहेर झोपू नये. झोपायचेच तर मच्छरदाणीत.

पायाला संवेदना नसणाऱ्यांना जास्त धोका असतो, कारण त्यांना सलणारे काही जाणवतच नाही. सावेडीतल्या कुष्ठधाम रस्त्याला ज्या आजारामुळे हे नाव आहे, त्यातल्या जुन्या व्रणांत किडे पडणे डॉक्टरांना नवे नाही. आज त्यांच्याबरोबर मधुमेहाचे रुग्ण आहेत, आणि ते प्रत्येक सोसायटीत आहेत. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर पाठीवरचे व्रण, तोंड, कान, टाचा रोज पाहाव्यात. नाकातून दुर्गंधी, रक्त आणि आत काही वळवळल्यासारखे वाटणे, असे असेल तर नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे तातडीने जावे. नाकातल्या अळ्या डोळ्याच्या खोबणीपर्यंत जाऊ शकतात. घरी नाकात रॉकेल किंवा टर्पेंटाइन घालू नये. जनावराचे आयव्हरमेक्टिन माणसाने घेऊ नये. आणि लाजू नये. अस्वच्छ माणसालाच किडे पडतात या समजापायी लोक दवाखाना लांबवतात. माशी जखम पाहते, माणूस पाहत नाही.

गोठ्यात, मेंढरांच्या वाड्यावर आणि तोडीला निघताना गाडीत एक डबा ठेवावा. टर्पेंटाइनची छोटी बाटली, पोव्हिडोन आयोडीन, टिंक्चर आयोडीन, जखमेवरचा फवारा, बोथट टोकाचा चिमटा, कात्री, गॉज, रबरी मोजे. सगळे मिळून फार खर्च येत नाही. पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करून फिरते पथक बोलावता येते.

शेवटी एक विनंती. जखमेत किडे असलेले जनावर घोडेगावच्या किंवा काष्टीच्या बाजारात नेऊ नका. भाव पडतो तो पडतोच, पण त्याच्या अंगावरून पडणाऱ्या अळ्या बाजाराच्या मातीत शिरतात आणि त्यांच्या माश्या आसपासच्या गावांत जातात. जखम भरू द्या, तीन आठवडे थांबा, मग न्या.